हरित आराखड्याची काळी चौकट

"साठ माणसं! साठ माणसं मी आणू कुठून?" ल्युबेन त्सानेव्हने कॉफीचा कप टेबलावर आदळला.

"जेवण ठेव," त्याची बायको रुझा चीज भरलेली बनित्सा कापत म्हणाली. "मेंढा काप. साठ काय, सहाशे येतील."

"सरकारी सभा आहे ती. पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं. त्यापुढे परवानगी नाही."

"मग बिस्किटावर येणारी साठ माणसं शोध."

ल्युबेन आमच्या चेर्नोवेत्स नगरपालिकेतल्या हरित संक्रमण विभागाचा प्रमुख. विभागात दुसरं कोणी नसल्यामुळे कारकूनही तोच आणि शिपाईही तोच. पूर्वी त्याच खोलीत बसून तो पेन्शनरांना कोळशाची कुपनं वाटायचा. दोन वर्षांपूर्वी दारावरची पाटी बदलली. खुर्ची, कपाट आणि खिडकीच्या काचेवरची काजळी मात्र जिथल्या तिथे राहिली.

झालं होतं असं, की गावाला पोसणारं 'स्वेतलिना' औष्णिक केंद्र बंद होणार हे ठरलं होतं, आणि त्यानंतर अख्ख्या प्रदेशाचं काय करायचं याचा जाडजूड आराखडा राजधानीत, सोफियात तयार होत होता. त्यात प्रत्येक गावाला स्वतःचं एक प्रकरण मिळायचं. आमच्या प्रकरणात खाणकामगारांना नवीन कामं शिकवणारी एक शाळा होती. पण नियम असा, की गावकऱ्यांशी सल्लामसलत केल्याशिवाय प्रकरण पक्कं होणार नाही. तीन सभा घ्यायच्या, आणि तिसऱ्या सभेला निदान साठ सह्या हव्यात. नाही मिळाल्या तर चेर्नोवेत्सचं प्रकरण शेजारच्या बेलिश्तेच्या प्रकरणात घालायचं आणि शाळाही बेलिश्तेलाच द्यायची. बेलिश्ते चाळीस किलोमीटरवर. संध्याकाळी सहानंतर तिथून बस नाही, आणि तिथली माणसं कशी आहेत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या सभेला चार जण आले होते, त्यातले दोघे बाहेर गारठा होता म्हणून. दुसऱ्या सभेला अकरा आले, तेव्हा ल्युबेनला केवढा आनंद झाला! पण त्यातले नऊ जण गायकवृंदाचे निघाले. तालीम वरच्या मजल्यावर आहे हे कळल्यावर ते माफी मागून उठले, आणि जाता जाता एकाने बिस्किटं उचलली.

"आसेन," ल्युबेन आता मुलाकडे वळला. आसेन सव्वीस वर्षांचा, खाणीत कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला. "तुझं नाव मी सौर पॅनल बसवायच्या वर्गात घालून ठेवलंय. पहिल्याच तुकडीत."

"हं," आसेन म्हणाला.

"सोळा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. मी स्वतः लिहिलाय."

"हं." आसेनने बनित्साचा तुकडा तोंडात टाकला, बूट चढवले आणि पाळीला निघून गेला.

रेडिओच्या बाजूला जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका गोदामाचा नोकरीचा अर्ज पडलेला होता, अर्धा भरलेला. रुझा रोज त्याच्या भोवतीची धूळ पुसायची आणि अर्जाला हात लावायची नाही. ल्युबेन तिकडे बघायचंच टाळायचा. शाळा इथे झाली तर पोरगा राहील, नाहीतर जाईल, एवढं साधं गणित होतं. गावातली निम्मी पोरं अशीच गेली होती आणि त्यांच्या घरात म्हातारा-म्हातारी टीव्हीचा आवाज मोठा करून बसायचे. तसं घर ल्युबेनला नको होतं.

त्या दिवशी कचेरीत जाताना तो ब्रेडच्या दुकानासमोर थांबला, कारण पुढे रस्ता अडवून सात-आठ माणसं उभी होती. सगळी विजेच्या खांबाकडे बघत होती. खांबावर निधनपत्रकं होती. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं पत्रक निघतं. काळी चौकट, वर फोटो, खाली चार ओळी. ते खांबावर लागतं, घराच्या दारावर लागतं, बस थांब्यावर लागतं. मग चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. ब्रेड आणायला निघालेला माणूस वाटेत तीन खांब वाचल्याशिवाय घरी जात नाही.

नगरपालिकेच्या फलकावर मात्र ल्युबेनची सभेची सूचना महिनाभर काचेआड लटकत होती आणि तिच्यासमोर आजवर एक कुत्रं तेवढं थांबलं होतं. ते का थांबलं होतं ते सांगायला नको.

ल्युबेनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो तसाच वळला आणि दिमोकाकांच्या छापखान्यात शिरला.

दिमोकाका चाळीस वर्षं निधनपत्रकंच छापत आले होते. छापायची, आणि पहाटे बादली-ब्रश घेऊन स्वतः गावभर चिकटवायची. ल्युबेनने खिशातून मजकूर काढला. सोफियाहून आलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलं होतं, 'रूक्ष सरकारी भाषा टाळा, लोकांच्या हृदयाला हात घाला.' त्यामुळे ल्युबेन तीन संध्याकाळ त्या चार ओळींवर बसला होता.

"वा," काका वाचून म्हणाले. "छानच उतरलंय. काळी चौकट मात्र राहणार हं."

"का?"

"पुतण्याने बसवून दिलीय. तो गेला स्पेनला. आता कॉम्प्युटर उघडला की आधी चौकट येते, बाकीचं मागून."

"राहू दे. लोकांची नजर तरी जाईल. आणि फोटो हा घ्या." ल्युबेनने केंद्राच्या जुन्या माहितीपत्रकाचं मुखपृष्ठ पुढे केलं. त्यावर केंद्राचं उंच धुराडं होतं, आणि धुराड्यासमोर टाय लावून उभे होते माजी संचालक, इंजिनियर हरालाम्पी दोनेव्ह. "यातलं हे. नीट मोठं करून. आणि छापलं की एकदा मला दाखवा."

काकांना ते लागलं. "दाखवा? चाळीस वर्षं छापतोय मी, ल्युबेन. ज्यांच्यासाठी छापतो त्यांच्यातल्या एकानेही आजपर्यंत तक्रार केलेली नाही."

ल्युबेनला बस गाठायची होती. जिल्ह्याच्या गावी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, विषय 'नागरिकांचा सहभाग कसा वाढवावा'.

तो गेल्यावर दिमोकाकांनी माहितीपत्रक यंत्रावर ठेवलं आणि हाताच्या सवयीने माणसाच्या चेहऱ्याभोवती चौकोन आखला. माणसाच्या मागे जे काही दिसतं ते कापून टाकायचं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. मग त्यांनी चेहरा निरखला. "अरेरे, हरालाम्पी गेला तर," ते स्वतःशीच म्हणाले. डोक्यावरची टोपी काढली, दोन मिनिटं गप्प उभे राहिले, आणि गेलेल्याचा मान म्हणून स्वतःतर्फे वीस प्रती जास्त छापल्या.

बुधवारी दुपारी ल्युबेन बसमधून उतरला तो थांब्यावरच्या काळ्या चौकटीसमोर. आतून इंजिनियर दोनेव्ह त्याच्याकडे बघत होते.

"अरेरे," ल्युबेनने टोपी काढली. "साहेब गेले? कधी?" तो जवळ जाऊन वाचू लागला. फोटोखाली ठळक अक्षरात 'औष्णिक केंद्र स्वेतलिना' आणि त्याखाली, 'अठ्ठावन्न वर्षं ज्याने चेर्नोवेत्सला ऊब दिली, उजेड दिला…' ल्युबेनचे डोळे पाणावले. किती सुंदर लिहिलंय, त्याला वाटलं, कोणी लिहिलं असेल? '…त्याला निरोप द्यायची वेळ आली. पुढची वाट आपण सगळे मिळून शोधू. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, संस्कृतिभवनात. सर्वांनी यावे.'

दुसऱ्या ओळीपर्यंत त्याला आपलंच लिखाण ओळखू आलं होतं. तिसऱ्या ओळीला त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"आलास का रे?" मागून पेनाकाकूंचा आवाज आला. गावात कोणीही गेलं की तेराव्या मिनिटाला तिथे पेनाकाकू हजर. तिथून पुढचं सगळं त्यांच्या हाती. आत्ता त्या मयताला उकडून वाटायच्या गव्हाचं पोतं हातगाडीवर घालून निघाल्या होत्या. "बघ ना, कसा धडधाकट माणूस! पंधरा किलो गहू शिजवायला टाकतेय. पुरेल ना? वर साखर, अक्रोड. साहेबांचं सगळं कसं नेटकं व्हायला पाहिजे."

"काकू, पण… त्यांचं शव कुठे आहे म्हणे?" ल्युबेनने चाचपून पाहिलं.

"सोफियात दहन केलं असेल. सगळा जन्म बॉयलर सांभाळण्यात गेला, शेवटही त्यातच व्हावा असं म्हणाला असेल. मुलगी कॅनडात, तिचा नंबर कोणाकडे नाही. मी आपली जाऊन त्याच्या दाराला काळी फीत बांधून आले. कुलूप होतं."

कुलूप असणारच, कारण एप्रिल ते ऑक्टोबर इंजिनियर दोनेव्ह गावाबाहेरच्या टेकडीवर, आपल्या द्राक्षाच्या मळ्यातल्या खोपटात राहायचे. तिथे फोनला रेंज नव्हती आणि म्हणूनच ते तिथे राहायचे.

ल्युबेन धावत घरी गेला. रुझाने सगळं ऐकलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आत्ताच्या आत्ता बाहेर जा आणि सगळ्यांना खरं सांग."

"सांगतो की. पण सांगितलं तर उद्या किती जण येतील?"

रुझाने विचार केला. "तू. मी. भवनाचा राखणदार."

"आणि नाही सांगितलं तर?"

खिडकीतून रस्ता दिसत होता. फुलवालीच्या दुकानापुढे रांग लागली होती आणि प्रत्येक जण सम संख्येत फुलं मोजून घेत होता, दोन, चार, सहा. मयताला आमच्याकडे समच नेतात. रुझाने रांगेकडे पाहिलं, मग रेडिओच्या बाजूच्या त्या अर्जाकडे पाहिलं, आणि फडकं पुन्हा उचललं.

"निदान त्या म्हाताऱ्याला तरी सांगून ये," ती म्हणाली. "उद्या बाजाराला म्हणून गावात उतरला तर निम्मं गाव खरोखरीचं जाईल."

टेकडी चढून ल्युबेन मळ्यात पोचला तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे इंजिनियर दोनेव्ह टोमॅटोला काठ्या बांधत होते. ल्युबेनने थांब्यावरून काढून आणलेलं पत्रक पुढे केलं. म्हाताऱ्याने चष्मा लावला. पत्रक उन्हाकडे धरलं.

"फोटो बरा आलाय," ते शेवटी म्हणाले.

"साहेब, चूक झाली. छापखान्यात—"

"थांब. वाचू दे. 'ऊब दिली, उजेड दिला.'" त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "अठ्ठावन्न जरा जास्त झाले. मी एक्केचाळीस वर्षं होतो. पण चालेल. हे कोणी लिहिलंय?"

"मी, साहेब."

"माझ्याबद्दल?"

हे धुराड्याबद्दल आहे, असं सांगायला ल्युबेनने तोंड उघडलं. म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या. बावीस वर्षं केंद्राचा संचालक असलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी गावाने एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं आणि तेही मागे पडायचं.

"हो," ल्युबेन म्हणाला. "तुमच्याबद्दलच."

मग त्याने शाळेचं, साठ सह्यांचं आणि बेलिश्तेचं सगळं सांगितलं. बेलिश्तेचं नाव निघताच म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. "त्या बटाट्यांना शाळा? ते काही नाही. मी किती वाजेपर्यंत मेलेला हवाय तुला?"

"एकपर्यंत, साहेब. फक्त एकपर्यंत. सह्या झाल्या की मी स्वतः माइकवरून सगळं सांगतो."

"ठीक. पण एक अट आहे. कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं, शब्दन् शब्द. आणि कोण आलं नाही तेही."

गुरुवारी पावणेअकराला संस्कृतिभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. काळे कोट, काळे रुमाल. मंचासमोर फुलांचा ढीग. पेनाकाकूंनी गव्हाचं भलंमोठं पातेलं बरोबर मध्यभागी, पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवलं होतं. दारात ल्युबेनने हजेरीची वही ठेवली होती. नाव, सही आणि 'आराखड्याविषयी मत' असे तीन रकाने. लोकांनी ती शोकाची वही समजून भरून टाकली. चौथ्या रांगेत आसेन बसला होता, पाळी सोडून, लग्नकार्यात घालायचा कोट घालून. बापाच्या दोन सभांना त्याला रजा मिळाली नव्हती. ल्युबेनला बरंही वाटलं आणि वाईटही.

सोफियाहून आलेल्या आराखड्याच्या अधिकारी वेल्कोवाबाई मागच्या दाराने थेट मंचावर आल्या. गावातला एकही खांब त्यांच्या वाटेत लागला नव्हता. समोरचा समुदाय बघून त्या ल्युबेनच्या कानाशी वाकल्या.

"अकरा गावं फिरले मी, त्सानेव्ह," त्या कुजबुजल्या. "केंद्र बंद होतंय म्हणून लोक काळे कपडे घालून, फुलं घेऊन आलेत, असं कुठेच पाहिलं नाही. हे तुम्ही कसं जमवलंत?"

"आपोआप जमलं, मॅडम," ल्युबेन म्हणाला, आणि ते खरंच होतं.

बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. केंद्रातून निघालेल्या राखेच्या डोंगरावर सौर पॅनल. जुन्या खाणीच्या कडेला पवनचक्क्या. शाळेचा नकाशा. लोक एकमेकांकडे बघू लागले. मयतात ही कोण बाई आणि ही कसली चित्रं? पण उठायचं कसं? गहू वाटला गेल्याशिवाय उठणं म्हणजे मेलेल्याचा अपमान, आणि पातेल्यावर पेनाकाकूंची करडी नजर होती. गहू शेवटी वाटायचा असतो. त्यामुळे दोनशे ऐंशी माणसांनी पूर्ण चाळीस मिनिटं हरित आराखडा निमूट ऐकून घेतला. आमच्या प्रदेशात असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?" आणि तिथेच घोटाळा झाला. क्रस्त्यो उठला. क्रस्त्यो म्हणजे केंद्रातला जुना फोरमन, इंजिनियर दोनेव्हांचा एकेकाळचा हाडवैरी.

"पॅनलांचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द."

"कोण गेलं?" वेल्कोवाबाईंनी ल्युबेनला हळूच विचारलं.

"सांगतो, मॅडम. एक वाजला की सांगतो."

"हरालाम्पी माझा मित्र होता," क्रस्त्योने सुरुवात केली आणि रुमाल काढला. "लोक काहीही म्हणोत. त्या भयंकर हिवाळ्यात, दुसरा बॉयलर फुटायला आला होता, तेव्हा सगळे पळाले. मी एकटा आत गेलो. मीच झडप बंद केली. हरालाम्पी बाहेर बर्फात उभा होता, आणि मला म्हणाला, क्रस्त्यो, तू गाव वाचवलंस—"

"खोटं!"

आवाज मागून आला, सिनेमाचं यंत्र ठेवायच्या खोलीतून. दार उघडलं आणि इंजिनियर दोनेव्ह खाली उतरले. टाय लावलेला होता. दहा वाजल्यापासून ते तिथे लपून बसले होते, आणि पेनाकाकूंचं आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेचं रडणं त्यांनी अगदी समाधानाने ऐकलं होतं. पण ही झडप त्यांच्या सहनशक्तीपलीकडची होती.

"झडप मी बंद केली! तू बर्फात होतास! आणि बूट विसरला होतास!"

क्रस्त्यो मटकन खाली बसला. दोन बायका किंचाळल्या, कोणीतरी छातीवर क्रूस काढला. पेनाकाकूंनी तेवढं पातेल्यावर झाकण ठेवलं, कारण काहीही झालं तरी गहू सांडता कामा नये.

ल्युबेन माइकपुढे गेला. एक वाजला नव्हता, पण आता वेळ बघण्यात अर्थ नव्हता. त्याने सगळं सांगितलं. छापखाना, धुराडं, चौकट, बुधवार, आणि आपण गप्प राहिलो ते. "तुम्ही एरवी येत नाही म्हणून मी गप्प बसलो," तो म्हणाला. "चूक माझीच आहे. दिमोकाकांना बोल लावू नका."

"चूक?" कोणीतरी ओरडलं. "मी दुकान बंद करून आलोय!"

"माझी आई ऐंशी वर्षांची, काठी टेकत टेकत आलीय!"

"लाज वाटत नाही का, ल्युबेन?"

"वाटते," ल्युबेन म्हणाला. खुर्च्या सरकल्या, लोक उठू लागले. त्यातच वेल्कोवाबाईंनी दारातली वही मागवली, उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"त्सानेव्ह, ही मतं आहेत? 'माती तुम्हाला हलकी होवो.' 'देव क्षमा करो.' 'माझं ड्रिल मशीन तुमच्याकडून परत न्यायचं राहून गेलं, असो.'" त्यांनी पेन काढलं आणि सगळ्या सह्यांखाली एक जाड रेघ ओढली. "मयतासाठी केलेल्या सह्या मला धरता येत नाहीत. जे सभेसाठी थांबतील त्यांनी रेघेखाली पुन्हा सही करायची. साठ झाल्या तर ठीक."

रेघेखालचा कागद पांढरा फटक होता आणि लोक दाराकडे निघाले होते. ल्युबेनने चौथ्या रांगेकडे पाहिलं. आसेनची खुर्ची रिकामी होती. आता गेलंच सगळं, त्याला वाटलं. शाळा गेली, पोरगा गेला.

तेवढ्यात माइक खरखरला. म्हाताऱ्याने तो हातात घेतला होता.

"बसा!"

बावीस वर्षं ज्यांनी हा आवाज ऐकला होता त्यांचे गुडघे आपोआप वाकले. बाकीचे गोंधळून थांबले.

"माझ्या मयताला आलात ना? मग मयत सांगतंय, बसा. या पोराने गाढवपणा केलाय, त्याचं मी नंतर बघतो. पण चाळीस मिनिटं ऐकलंत, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की राखेच्या डोंगरावर पॅनल ठोकणार कसे? राख भुसभुशीत असते! पहिल्या वाऱ्याला सगळं बेलिश्तेत जाऊन पडेल! बाई, पाया किती खोल घेताय?"

वेल्कोवाबाईंनी कागद चाळले. "ते… तज्ज्ञ ठरवतील."

"तज्ज्ञ कोण? राखेच्या डोंगरावर आयुष्य काढलेले तज्ज्ञ इथे बसलेत. क्रस्त्यो, ऊठ. खोटारडा आहेस, पण राख तुला कळते. सांग बाईंना."

क्रस्त्यो उठला. सांगू लागला. मागून कोणीतरी त्याला खोडून काढलं, की उत्तरेकडची राख घट्ट आहे, तिथे तर आपली बकरी चरते. तिसऱ्याने बकरी त्याची नसून आपली असल्याचं सांगितलं. पंधरा मिनिटांत अशी काही जुंपली, की ज्यांना घरी जायचं होतं ते दारातून परत आले, कारण आपल्या पाठीमागे आपल्या डोंगराबद्दल काय ठरतंय कोण जाणे!

"आणि ऐका," पेनाकाकूंनी पळी वाजवली. "पंधरा किलो मी परत नेणार नाही. मेलेल्याच्या नावाने नाही तर जिवंताच्या नावाने खा. पण आधी सही, मग वाटी."

रांग दारापासून मंचापर्यंत लागली. इंजिनियर दोनेव्ह पहिल्या रांगेत बसून स्वतःच्याच नावाचा गहू खात होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं अभिवादन घेत होते. मुख्याध्यापिका त्यांच्या शेजारी जाऊन बसली ती मग उठलीच नाही.

तीन वाजता ल्युबेन आणि वेल्कोवाबाई कचेरीत वही घेऊन बसले. रेघेखाली एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या होत्या. ल्युबेनने दोनदा मोजल्या.

"सह्यांचं झालं," बाई म्हणाल्या. "तुमचं प्रकरण तुमच्याकडेच राहील. पण शाळेसाठी मला मतांच्या रकान्यात काहीतरी दाखवावं लागेल. निदान एक तरी ठोस सूचना." त्या वाचू लागल्या. "'साहेब, जिवंत आहात, आनंद झाला.' 'क्रस्त्योचं ऐकू नका.' 'गव्हात साखर कमी.' 'बकरी माझीच आहे.' काय लोक आहेत हो तुमचे!"

त्या पानामागून पान उलटत गेल्या. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हं, हे बघा. हे कामाचं आहे. 'शाळा इथे झाली तर मी जर्मनीला जाणार नाही. पण पॅनल बसवायला सोळा आठवडे शिकवू नका, ते आम्हाला आठवड्यात येईल. पवनचक्क्या दुरुस्त करायला शिकवा. पट्ट्याच्या मोटारी आम्ही रोज खोलतो, उंचीची भीती वाटत नाही, आणि हेच शिकायचंय असे आम्ही नऊ जण आहोत.' खाली नऊ नावं दिलीत." बाईंनी मान वर केली. "अशी सूचना मला अकरा गावांत मिळाली नाही. लिहिणारा आहे आसेन त्सानेव्ह. तुमचे कोण?"

"मुलगा."

"मग हे तुम्हाला आधीपासून ठाऊक असणार. आराखड्यात का नाही घातलंत?"

ल्युबेनने वही आपल्याकडे ओढली आणि ते अक्षर पुन्हा एकदा वाचलं.

"त्याला विचारलं नव्हतं, मॅडम," तो म्हणाला.